रात्याचं बियाणं आणि विमानातली जागा

परवा दुपारी एसटी स्टँडच्या सिग्नलला माझ्या स्कूटरपुढे पेंढ्याचा टेम्पो येऊन थांबला. आश्विनातलं ऊन पाठीत घुसत होतं, मागे न्हावा शेव्याकडे निघालेला कंटेनर भोंगा वाजवत होता, आणि मी हेल्मेटची काच वर करून त्या पेंढ्याचा वास घेत बसले. नुकत्याच झोडलेल्या भाताचा वास. थोडा गोडसर, थोडा धुळीचा. सिग्नल सुटला, टेम्पो गेला, तरी मी तिथेच. मागच्या ड्रायव्हरने मला उद्देशून जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण ते माझ्या लायकीचं होतं.

लोक या दिवसांना ऑक्टोबर हीट म्हणतात आणि नाकं मुरडतात. माझ्यासाठी हे दिवस मुळांचे आहेत. चार वर्षांपूर्वी याच दिवसांत आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, जिथे एरवी जास्वंदीच्या फुलाचे उभे काप घेण्यापलीकडे काही घडत नसे, तिथे आम्ही दोन मुली आणि एक मॅडम भाताची मुळं विमानात पाठवायच्या तयारीला लागलो होतो. आता मी त्याच प्रयोगशाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. जास्वंदीचे काप अजूनही घ्यावे लागतात.

ते विमान नेहमीचं नव्हे. परदेशात संशोधनासाठी असं एक विमान उडवतात की ते तिरकं वर चढतं, मग वरच्या वर कमानीसारखं वळून खाली येतं, आणि त्या कमानीत वीस-बावीस सेकंद आतल्या माणसाचं, पाण्याच्या थेंबाचं, सगळ्याचं वजन नाहीसं होतं. पुन्हा वर, पुन्हा कमान. असं तीसेक वेळा. विद्यार्थ्यांना त्यात आपला प्रयोग नेता येतो असं मॅडमना कुठूनसं कळलं आणि त्यांनी अर्ज ठोकून दिला. प्रश्न अगदी लहान मुलाला पडेल असा होता. मूळ खाली जातं. पण ‘खाली’ असं काही उरलंच नाही तर? मुळाच्या टोकाशी पेशींत पिठाचे बारीक कण असतात, ते वजनाने तळाला बसतात, आणि त्यावरून मुळाला कळतं की खाली कुठे. वजनच गेलं तर ते कण काय करतात, एवढंच आम्हाला बघायचं होतं. कमान संपता संपता पिचकारी दाबून मुळं औषधात बुडवायची, म्हणजे कण जिथल्या तिथे थांबतात. मग परत आल्यावर सावकाश मायक्रोस्कोपखाली बघा.

अर्ज मंजूर झाला तेव्हा मॅडमनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना बर्फी वाटली. विमानात जागा एकच होती, आणि त्या जागेवर नाव दर्शनाचं होतं. माझं नाव राखीव म्हणून.

दर्शना तीन वर्षं माझ्या बाकावर बसली. गव्हाणच्या अलीकडच्या एका गावातली. ते गाव आता नाही. विमानतळासाठी जी गावं उठली त्यांतलंच ते एक. वर्गात ती माझ्यासारखीच बोलायची, पण राग आला किंवा फार हसू आलं की तिची घरची बोली उसळून वर यायची. माझ्या डब्यातली भाजी खाऊन म्हणायची, “तुमच्यात मीठ काय देवाला विचारून घालतात गो?” मिठागरात घाम गाळलेल्या घरातली पोर ती; तिला हा टोमणा मारायचा अधिकार होता. ती हुशार होती हे तर सगळेच सांगतील. मला सांगायचंय ते तिच्या हाताबद्दल. मी वीस बिया लावल्या तर बारा रुजायच्या. तिच्या विसाच्या वीस.

बियाणं तिच्या घरचंच होतं. राता म्हणतात त्याला. खाऱ्या जमिनीतलं तांबूस भात, भरतीचं पाणी बांध फोडून आत आलं तरी उभं राहणारं. मॅडमना हेच हवं होतं, दुकानातलं सुधारित वाण नको होतं. म्हणून आम्ही दोघी दर्शनाच्या नव्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, अजून रंगाचा वास येत असलेला. तिचे बाबा आयुष्यभर खारपाटात भात आणि मिठागरात मीठ करत आले. आता द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या गेटवर येणाऱ्या गाड्यांचे नंबर उतरवून घेत होते. फ्रीजवर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला आणि झाकण उघडलं.

“यो शेवटचा राता,” ते म्हणाले. “गेल्या दिवालीला कापला. आता त्या शेतात भराव हाय, तुना म्हाईत हाय. बाकीचं खाऊन झालं.”

मी म्हटलं, काका, थोडंच द्या. ते म्हणाले, “थोडं कशाला? ही जाईल ना पन विमानात?”

“तिचंच नाव आहे काका. शंभर टक्के.”

“मंग सगलं न्या. दोन मुठी माज्या ठेवा. उरनला हिचा मामा बांधाकडंचा कोपरा देतो म्हनलाय, तितं टाकीन पावसात.”

हे ‘शंभर टक्के’ मी म्हटलं होतं. दर्शना खिडकीपाशी उभी राहून खालच्या रस्त्याकडे बघत होती.

मग ते दिवस आले, ज्यांच्यासाठी मी हे लिहायला बसले. सगळी गोम अशी होती की विमान उडेल त्या वेळी प्रत्येक मूळ नखाएवढं हवं, ना कमी ना जास्त. आमच्या बी रुजवायच्या यंत्रात, ठरवून दिलेल्या तापमानाला, बिया आपापल्या मर्जीने उठायच्या. एक आज, एक परवा, एक कधीच नाही. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. आणि एका सोमवारी दर्शना बसमधून मांडीवर गाठोडं घेऊन आली. खारपाटात भात पेरायची एक रीत आहे, रहू म्हणतात. बियाणं दिवसभर भिजवायचं, पाणी निथळून गोणपाटात बांधायचं, वर पेंढा घालून दगड ठेवायचा. आत ऊब धरते. मग अधूनमधून हात घालून बघायचं, आणि ऊब बरोबर झाली की उलटंपालटं करायचं. मोड सगळे एकदम येतात, आणि ते मोडाचं बी चिखलात फेकतात. तिच्या बाबांनी तिला पुन्हा एकदा करून दाखवलं होतं. गाठोडं आमच्या टेबलावर सोडलं तर आत पांढरीशुभ्र मुळं, सगळी एका लांबीची. मॅडमनी चार-पाच मुळं पट्टीला लावून पाहिली. मग म्हणाल्या, “दर्शना, पुढच्या वेळी थर्मामीटर लाव. किती ऊब ते लिहून काढू.”

तिने लावलं. आम्ही आकडे लिहिले. पण ती त्या आकड्यांकडे बघायचीच नाही. हात घालायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, “अजून नाय.” किंवा, “आता.”

प्रयोगशाळेच्या खिडकीतून त्या दिवसांत दोन गोष्टी दिसायच्या, एक सुकत चाललेलं मैदान आणि लांबवर नव्या विमानतळाच्या क्रेन. पेंढ्याचा वास आमच्या ओढण्यांना, वह्यांना, डब्यातल्या पोळ्यांना लागला होता. दुसऱ्या वर्षाची मुलं दारातून डोकावून विचारायची, इथे गाय बांधलीय का? आम्ही हसायचो. मी इतकी कधीच कुणाबरोबर हसले नाही, त्याआधी नाही आणि नंतर तर नाहीच. मी हे असं उघड लिहिते आहे कारण तिला कधी सांगितलं नाही.

पासपोर्टचा फॉर्म भरला तोही असाच एका दुपारी. दर्शनाचे दोन्ही हात ओले, गाठोड्यात गुंतलेले. म्हणून मी माझ्या लॅपटॉपवर तिचा फॉर्म भरत होते आणि ती उत्तरं सांगत होती. जन्मतारीख. आईचं नाव. पत्ता? तिने पत्ता सांगितला: घर नंबर, आळी, गाव, पोस्ट, तालुका पनवेल. घडाघडा, आपण आपलं नाव सांगतो तसा. मी टाइप केला. आधार कार्डावरही तोच होता. ते घर श्रावणात पाडलं होतं. मी स्वतः तिच्याबरोबर ते बघायला गेले होते. तुळशीवृंदावनाच्या चौथऱ्यावर बसून आम्ही वडापाव खाल्ला होता. तरी तिला आठवलं नाही आणि मलाही नाही. तिच्या जिभेवर घर अजून उभं होतं, आणि तिच्या तोंडून ऐकताना माझ्याही डोळ्यांपुढे उभंच राहिलं.

पडताळणीला पोलीस त्या पत्त्यावर गेला तेव्हा तिथे रोलर फिरत होता. त्याने दिसलं ते लिहिलं: असा पत्ता अस्तित्वात नाही. त्याचं काहीच चुकलं नाही. मग आमच्या खेपा सुरू झाल्या. नव्या पत्त्याचा पुरावा हवा. फ्लॅटचं वीजबिल अजून बांधणाऱ्याच्या नावावर. आधार बदलायचं तर तोच पुरावा लागणार. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. कुणी वाईट वागलं नाही. सगळे म्हणाले, होईल. झालंही, फक्त विमान उडून गेल्यावर तीन आठवड्यांनी.

मॅडमनी दोघींना बोलावलं. त्यांना फार वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. म्हणाल्या, “मुग्धाचा पासपोर्ट आहे. राखीव नाव तिचं आहे. जागा सोडली तर प्रयोगच जातो.” मी लगेच म्हणाले, मी नाही जाणार. दर्शना माझ्याकडे न बघता म्हणाली, “येड्यासारखं करू नको. जा.” मी आणखी एकदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाही. हे मी पुष्कळदा मोजून पाहिलं आहे, आणि ते दोनदाच भरतं.

निघायच्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेतून बियाण्याचा डबा उचलला. आत एका कोपऱ्यात फडक्यात गाठ मारून त्या दोन मुठी वेगळ्या ठेवलेल्या होत्या, दर्शनानेच. मी गाठीकडे बघितलं आणि मनात आलं, तिकडे कमी पडलं तर? माझा हात तिच्या हातासारखा नव्हता. असू दे जास्तीचं, उरलं की परत आणू, असा विचार केला आणि गाठीसकट डबा बॅगेत टाकला. तिला विचारलं नाही. ती समोरच होती, काचेच्या डब्या कागदात गुंडाळत होती. विचारलं असतं तर तिने नाही म्हटलं असतं, हे मला ठाऊक होतं.

तिकडे फाल्गुनातही कडाक्याची थंडी. गाठोड्यात ऊब धरेना. सगळी रीत केली, गोणपाट, पेंढा, दगडाऐवजी जाड पुस्तकं. शेवटी व्हिडिओ कॉल लावला. इकडे दुपार होती. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

“हात घाल,” ती म्हणाली. “डोलं मिट. काय वाटतं?”

“कोमट.”

“कोमट कसं? च्या निवल्यासारखं, का तापातल्या पोराच्या कपालासारखं?”

“चहा निवल्यासारखं.”

“मंग अजून नाय. तुजा स्वेटर काड नि त्यावर टाक.”

मी स्वेटर काढला. असं तासातासाने चाललं. संध्याकाळी तिने मला आणखी एकदा हात घालायला लावला आणि मी म्हणाले, तापातलं कपाळ. ती म्हणाली, “आता.” फोनवर तिचा चेहरा जरा हलत होता, पण ती हसत होती हे मला दिसलं. माझ्याबरोबर आलेल्या मॅडम शेजारी उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

विमानात मला आनंद झाला. हे सांगायला लाज वाटते, पण झाला. पाय जमिनीवरून आपोआप सुटले, वेणी डोक्यावर उभी राहिली, आणि काचेच्या डब्यांत शंभरएक रात्याची मुळं माझ्या नाकासमोर. वीस सेकंदांत डोळ्यांना काही दिसत नाही. मूळ वळत नाही, वाकत नाही. मी पिचकाऱ्या दाबत गेले. एकही चुकली नाही. प्रत्येक कमानीला मला वाटत होतं की हे तिने बघायला हवं होतं, आणि प्रत्येक कमानीला मी ते पुन्हा विसरत होते.

खाली उतरल्यावर तिथल्या लोकांनी सगळ्या गटांशी कॅमेऱ्यापुढे दोन-दोन मिनिटं बोलून घेतलं. एका म्हाताऱ्या संशोधकाने आमच्या डब्या उजेडात धरल्या आणि विचारलं, इतकी सारखी रोपं मी आजवर बघितली नाहीत, ही कुणी रुजवली? मी म्हणाले, मी. इंग्रजीत तर तो शब्द फारच छोटा आहे, तोंडातून निघाला कधी ते कळतही नाही. ते खोटं नव्हतं. स्वेटर माझा होता, हात माझा होता. मॅडम तेव्हा सामान बांधत होत्या, त्यांनी ऐकलं नाही. व्हिडिओ त्या ‘मी’सकट इंटरनेटवर चढला. माझ्या आईने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

आणि उरलेलं बी. तिथला नियम होता की बाहेरून आलेलं बियाणं प्रयोगानंतर परत नेऊ द्यायचं नाही, वाफेच्या यंत्रात घालून नष्ट करायचं. नियम आधीच कळवलेला होता, कागद माझ्याच फाइलमध्ये होता. मी वाचला नव्हता. तिथल्या बाईंना मी हातवारे करून सांगितलं, फक्त दोन मुठी, एका माणसाच्या. त्या फार चांगल्या होत्या, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ती फडक्याची गाठ इतर सगळ्याबरोबर यंत्रात ठेवली. रिकामा डबा मात्र मला परत दिला.

तो डबा घेऊन मी दर्शनाच्या घरी गेले. ती आत चहा ठेवत होती. बाबा ड्युटीवरून आलेले, गळ्यात गोदामाचं ओळखपत्र तसंच.

“उरलं का माजं?” त्यांनी विचारलं.

“काका, ते तिकडेच राहिलं.”

“ऱ्हायलं मंजे? पेरलं त्यांनी?”

मला रडू आलं. मी सगळं सांगितलं, नियम, यंत्र, न वाचलेला कागद. ते ऐकत राहिले. मग त्यांनी डब्याचं झाकण काढून आत बोट फिरवलं, कडेच्या सांध्यात एखादा दाणा अडकला असेल म्हणून. नव्हता. “बरं,” ते म्हणाले. “कामाला तरी आलं.” मग थोड्या वेळाने, माझीच समजूत घालायची म्हणून, त्यांनी विचारलं, “तितं कोनी इचारलं असंल ना, बियानं कोनी रुजवलं?”

एक घाव घालून झाला होता. दुसरा घालायची माझ्यात ताकद नव्हती. मी म्हणाले, “हो काका, विचारलं. मी दर्शनाचं नाव सांगितलं. सगळ्यांसमोर.” त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. दर्शना चहाचे कप घेऊन बाहेर आली, कप ठेवले आणि पुन्हा आत गेली.

नंतर कॉलेजात त्या मुळांचे काप घेतले, मायक्रोस्कोपखाली बघितले. वजन गेल्यावर पिठाचे कण तळ सोडून पेशीत इकडेतिकडे सरकलेले दिसले. यावरून काहीतरी मोठं सुचवायचा मोह मला होतो, गाव उठलेल्या माणसांबद्दल वगैरे. पण मॅडमची शिस्त आठवते: निरीक्षण लिही, कविता नको. त्या कापांच्या काचा अजून आमच्या कपाटात आहेत. जगात त्या घरचा राता उरलाय तो एवढाच, आणि तो मेलेला आहे.

आमचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. दर्शनाने एम.एस्सी.ला प्रवेश घेतला नाही, गोदामाच्या ऑफिसात नोकरी धरली. माझ्या लांबलचक मेसेजांना उत्तर म्हणून अंगठा येऊ लागला. वाढदिवसाला केकचं चित्र. मी त्या विमानाबद्दल तिला कधी काही सांगितलं नाही, तिने विचारलं नाही, आणि दोन माणसांत एवढी मोठी गोष्ट न बोललेली राहिली की बाकीचं बोलायलाही जागा उरत नाही. मी दर आश्विनात ठरवते की यंदा जाऊन खरं सांगायचं. यंदा तेही ठरवता येत नाही, कारण वैशाखात तिचं लग्न झालं.

हळदीला गेले होते. इमारतीसमोर मांडव, बँजो जोरात, आणि सगळी उठलेली आळी तिथे पुन्हा गोळा झालेली. बाबा पांढऱ्या कपड्यांत, कपाळाला हळद. मला बघून त्यांनी हाताला धरून बायकांच्या घोळक्यात नेलं. म्हणाले, “ही तीच. हिला इचारा. तिकडं विमानवाल्यांनी आमच्या दर्शनाचं नाव लिवून घेतलंय. सगल्यांसमोर. व्हय का नाय गो बाय?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, “हो काका.”

“आमच्या गावातलं पयलं नाव तितं गेलेलं,” ते म्हणाले, आणि पुढच्या पाहुण्याला तेच सांगायला वळले.

मी पाटाशी गेले. हळदीचा हात घेऊन दर्शनापुढे वाकले. तिने मान खाली घातलेली होती. बँजो वाजत होता, तरी तिचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. “तो व्हिडिओ मी तवाच बगितलाय,” ती म्हणाली.

माझा हात तिच्या गालावर तसाच राहिला.

“बाबांना कदी सांगू नको,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या गालाला हळद लावता यावी म्हणून तिने चेहरा माझ्याकडे वळवला.